देणगीदाराचा आराखडा आणि विद्यार्थ्याची खिडकी

परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळालेला आपल्या धर्मग्रामातील एखादा तरुण निरोप घ्यावयास येतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाविषयी नसतो. "फादर, तिथे राहायची सोय कशी असेल?" हाच त्यांचा प्रश्न असतो. मुलगा शिकेल, परीक्षाही देईल. परंतु रात्री तो कोठे निजेल, सकाळी डोळे उघडल्यावर त्याला काय दिसेल, ह्याची चिंता त्यांना अधिक असते. ही चिंता आम्हांस कधीच क्षुल्लक वाटली नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका विद्यापीठाच्या नियोजित वसतिगृहावरून काही वर्षांपूर्वी मोठे वादळ उठले होते. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. इमारत उभी राहिलीच नाही. ज्या दात्याने तिचा आग्रह धरला होता, तोही आज हयात नाही. तरीही त्या वादाने उपस्थित केलेले प्रश्न संपलेले नाहीत. दान कशाला म्हणावे? इमारतीविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा? आणि लोकांची नाराजी कधी ऐकावी? ह्या प्रश्नांचा विचार वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

काय होता हा आराखडा?

सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आवार प्रशांत महासागराच्या अगदी काठावर वसलेले आहे. विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली, परंतु राहण्याची सोय त्या वेगाने वाढली नाही. परिसरातील घरभाडी सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर गेली. २०२५ पर्यंत सुमारे ५००० नव्या विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करू, असे विद्यापीठाने आपल्या दीर्घकालीन विकास आराखड्यात मान्य केले होते. शेजारच्या गोलेटा शहराचे तर म्हणणे असे की, विद्यापीठाने हे वचन पाळले नाही आणि त्याचा भार आमच्या नागरिकांवर पडला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

अशा अडचणीच्या काळात चार्ली मंगर नावाचा दाता पुढे आला. मंगर हे वॉरेन बफे ह्यांचे जुने सहकारी आणि बर्कशायर हॅथवे ह्या विख्यात गुंतवणूक कंपनीचे उपाध्यक्ष होते. २०१६ साली त्यांनी वसतिगृहासाठी २० कोटी डॉलर देऊ केले. अट एकच होती: इमारत त्यांच्या कल्पनेप्रमाणे उभारावी. मंगर वास्तुविशारद नव्हते. त्यांनी त्या विद्येचे शिक्षण घेतले नव्हते. मात्र इमारतींचा त्यांना छंद होता आणि ह्याआधीही त्यांनी अन्य विद्यापीठांना अशा देणग्या दिल्या होत्या.

२०२१ साली आराखडा लोकांपुढे आला, तेव्हा त्यातील आकड्यांनीच अनेकांना धक्का बसला. ११ मजले, सुमारे १६ लाख ८० हजार चौरस फुटांचे बांधकाम आणि एकाच इमारतीत ४५०० हून अधिक विद्यार्थी! प्रत्येक निवासी मजल्यावर आठ 'घरे', प्रत्येक घरात आठ सदनिका आणि प्रत्येक सदनिकेत एकेका विद्यार्थ्याच्या आठ खोल्या. ह्या खोल्यांपैकी सुमारे ९४ टक्के खोल्यांना खिडकीच नव्हती. खिडकीच्या जागी दिव्याची एक चौकट बसवावयाची होती. तिचा उजेड दिवसाच्या प्रहरांप्रमाणे कमीजास्त करता येणार होता. प्रवासी जहाजांच्या आतल्या बाजूच्या खोल्यांत बसवलेल्या कृत्रिम खिडक्यांवरून ही कल्पना घेतली होती. हवा यंत्राने पुरवली जाणार होती. खऱ्या खिडक्या होत्या त्या प्रामुख्याने सामायिक दालनांना.

एका माणसाचा राजीनामा

विद्यापीठाच्या बांधकामांचे आराखडे तपासणारी एक समिती होती. डेनिस मॅकफॅडन नावाचे अनुभवी वास्तुविशारद तिचे सल्लागार सदस्य होते. जवळजवळ १५ वर्षे त्यांनी ही सेवा केली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी राजीनाम्याचे पत्र लिहिले. ते स्थानिक वृत्तपत्राच्या हाती लागले आणि तेथून जगभर पोचले.

त्या पत्रातील आशय थोडक्यात असा: समितीपुढे हा आराखडा आला तो पूर्ण झालेला म्हणूनच आला. समितीची मान्यता मागितली गेली नाही, मतदान झाले नाही आणि पुढे काही सादर केले जाणार नाही, हेही स्पष्ट होते. म्हणजे समितीने बसावे, चित्रे पाहावीत आणि उठावे! माणसाला नैसर्गिक उजेड, मोकळी हवा आणि बाहेरचे दृश्य ह्यांची गरज असते, हे वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय अभ्यासांतून दिसून आले असताना हजारो तरुणांवर असा प्रयोग करणे एक वास्तुविशारद म्हणून, एक पालक म्हणून आणि एक माणूस म्हणून आपणास पटत नाही, असे त्यांनी नोंदवले.

त्यांनी केलेली एक तुलना आपण ध्यानात घेण्याजोगी आहे. ही इमारत एक वस्ती मानली, तर ती जगातील अत्यंत दाट वस्त्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर येईल आणि ढाका शहराच्या एका भागाच्या किंचित मागे राहील, असा त्यांचा हिशेब होता. दुसरी तुलना अमेरिकेच्या नौदल अकादमीतील बँक्रॉफ्ट हॉलशी होती. तेथेही सुमारे ४००० छात्र एकाच इमारतीत राहतात. पण त्या इमारतीला अनेक भुजा आहेत, अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि खोल्यांना खिडक्या आहेत. सांता बार्बराच्या आराखड्यात मुख्य प्रवेशद्वारे होती दोन.

आराखड्यातील उणिवा ह्या पत्रामुळे निर्माण झाल्या नाहीत. त्या आधीपासून कागदावर होत्याच. मात्र त्या ज्याला दिसत होत्या त्याने आपली जागा सोडून त्या मोठ्याने सांगितल्या. अशा समित्यांवर बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. 'ठरलेलेच आहे, आपण कशाला वाईट व्हा?' असे म्हणून आपण किती वेळा सही करतो, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

लोक काय म्हणाले?

राजीनाम्यानंतर प्रतिक्रियांचा पूर आला. ह्या सर्व प्रतिक्रिया एकाच जातकुळीच्या नव्हत्या, म्हणून त्या निवडून पाहणे आवश्यक आहे.

पहिली प्रतिक्रिया थट्टेची होती. कोणी तुरुंगाची उपमा दिली, कोणी चित्रपटातील राक्षसी प्राण्याच्या नावावरून वसतिगृहाला टोपणनाव ठेवले. थट्टा लवकर पसरते आणि लोकांचे लक्ष वेधते, हे खरे. पण थट्टेने आराखडा बदलत नाही. शिवाय ज्याची थट्टा होते तो अधिकच हट्टाला पेटतो.

दुसरी प्रतिक्रिया जाणकारांची होती. वास्तुविशारदांच्या संघटनांनी आक्षेप घेतले. वृत्तपत्रांतील वास्तुसमीक्षकांनी सविस्तर लिहिले. त्याच विद्यापीठात वास्तुकलेचा इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी उघड विरोध नोंदवला. आग लागली, भूकंप झाला, वीज गेली किंवा साथ पसरली, तर आतल्या खोल्यांतील मुलांचे काय, असे त्यांचे प्रश्न होते. कोरोनाच्या साथीने बंद खोल्यांतील हवेची भीती जगाला नुकतीच शिकवली होती. तेव्हा हे प्रश्न कोणालाही पुस्तकी वाटले नाहीत.

तिसरी प्रतिक्रिया विद्यार्थ्यांची, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. अनेकांनी निदर्शने केली, निवेदनावर सह्या केल्या. परंतु विद्यार्थ्यांत दुसराही सूर होता, तो आपण लपवता कामा नये. २०२१ च्या त्याच सत्रात राहण्याची जागा न मिळाल्याने कित्येक विद्यार्थ्यांची सोय विद्यापीठाला हॉटेलांतून करावी लागली होती; काही जण आपल्या मोटारीतच रात्री काढत होते. ज्याला अंथरूण टाकावयास जागा नाही, त्याला स्वतःची स्वतंत्र खोली मिळत असेल, तर खिडकीवाचून त्याचे अडणार नाही, असे त्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? भुकेल्याला भाकरी करपलेली आहे की नाही हे पाहण्याची उसंत नसते. पण म्हणून करपलेली भाकरीच त्याच्या ताटात वाढावी, असे मात्र होत नाही.

दात्याची बाजू

न्यायबुद्धीने पाहावयाचे तर मंगर ह्यांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. ते काही विद्यार्थ्यांचे वैरी नव्हते. वसतिगृहात दोघा-तिघांनी एका खोलीत दाटीवाटीने राहावयाचे, एकाने दिवा मालवावा आणि दुसऱ्याने वाचत बसावे, ह्याचा विद्यार्थ्यांना होणारा त्रास त्यांना ठाऊक होता. प्रत्येकाला स्वतःचे दार असलेली खोली मिळावी, ही त्यांची इच्छा होती. खोली लहान आणि बंद असेल, तर मुले आपोआप सामायिक दालनात येतील, एकमेकांशी बोलतील, एकमेकांकडून शिकतील, अशी त्यांची धारणा होती.

त्यामागे बांधकामाचे एक गणितही आहे. प्रत्येक खोलीला बाहेरची भिंत हवी असेल, तर इमारत अरुंद ठेवावी लागते किंवा मध्ये चौक सोडावे लागतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत खोल्या कमी बसतात. खिडकीचा आग्रह सोडला की इमारत कितीही रुंद करता येते आणि थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावतात. खिडकी फुकट मिळत नाही, हे मंगर ह्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

त्यांच्या हाती एक उदाहरणही होते. मिशिगन विद्यापीठाला त्यांनी २०१३ साली ११ कोटी डॉलर दिले आणि २०१५ साली तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभे राहिले. त्यातील बहुतेक शयनगृहांना खिडक्या नाहीत. तेथे राहिलेल्या काहींनी सोयींची आणि सोबतीची वाखाणणी केली, तर काहींनी दिवस केव्हा उगवला हेच कळत नाही, अशी तक्रार केली. परंतु मिशिगनची इमारत सुमारे ६०० विद्यार्थ्यांची, आणि तेही वयाने मोठे. सांता बार्बरा येथे तिच्या सातपट विद्यार्थी राहावयाचे होते, आणि ते पदवीपूर्व वर्गांतील, म्हणजे प्रथमच घर सोडून आलेले. लहान प्रमाणावर काहींना मानवलेली गोष्ट मोठ्या प्रमाणावर सर्वांना मानवेल, असे मानणे हा धाडसी तर्क होता.

मंगर ह्यांनी टीका मनावर घेतली नाही. वास्तुविशारदांची अभिरुची आणि आपली अभिरुची वेगळी, अशा शब्दांत त्यांनी ती झटकून टाकली. आमच्या मते त्यांची चूक येथे झाली. भिंतीचा रंग, कमानीचा आकार, छपराची ठेवण ह्या अभिरुचीच्या गोष्टी असतील. उजेड आणि वारा ह्या अभिरुचीच्या गोष्टी नव्हेत.

मुंबईने हे केव्हाच शिकले होते

उजेड आणि वारा ह्यांची किंमत काय, हे मुंबईकरांना परदेशातून शिकण्याची गरज नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. गिरणगावातील आणि मांडवीकडील दाट चाळींतून, जेथे आतल्या खोल्यांना खिडकीच नव्हती, तेथे माणसे फार मेली. त्यानंतर १८९८ साली मुंबई सुधार मंडळ, म्हणजे त्या काळच्या भाषेत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. ह्या मंडळाच्या कामातून साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम पुढे आला. त्याचा साधा अर्थ असा की, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर खिडकीपुढे मोकळे असावे, म्हणजे तळमजल्यावरील माणसालाही आकाशाचा तुकडा दिसावा. माणसे मरावी लागली, तेव्हा हा शहाणपणा आला.

आणि तो शहाणपणा आपण पुन्हा विसरलो. मुंबईत मानखुर्द-गोवंडी आणि चेंबूर परिसरात विस्थापितांसाठी उभारलेल्या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या की, खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि मुंबईची आयआयटी ह्यांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहतींचा अभ्यास केला. २०१८ साली पुढे आलेल्या त्या अभ्यासात, जेथे उजेड आणि वारा कमी, तेथे क्षयरोग अधिक, असा संबंध दिसून आला.

आता विरोधाभास पाहा. कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्याच्या खोलीला खिडकी नाही, हे कळताच जगभरची वृत्तपत्रे लिहू लागली. गोवंडीच्या गृहिणीच्या खोलीला खिडकी असूनही तिच्यातून उजेड येत नाही, ह्याची बातमी आतल्या पानावरच राहिली. विद्यार्थ्यांचा आवाज उठला ह्याचे आम्हांस समाधान आहे. पण ज्यांच्या मागे वास्तुविशारदांची संघटना नाही आणि वृत्तपत्रे नाहीत, त्यांच्या बाजूने राजीनामा कोण देणार? हा प्रश्न आम्हांस स्वस्थ बसू देत नाही.

दान आणि खरेदी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मंगर ह्यांची देणगी २० कोटी डॉलरची होती. इमारतीचा एकूण खर्च सुमारे १५० कोटी डॉलर येईल, असा अंदाज होता. म्हणजे सात-साडेसात रुपयांतला एक रुपया दात्याचा. उरलेले विद्यापीठाने उभे करावयाचे, आणि ते अखेर विद्यार्थ्यांच्या भाड्यातून फेडले जावयाचे. तरीही आराखड्याचा सोळा आणे निर्णय दात्याचा! ज्याने रुपयातले दोन आणे दिले त्याने घर कसे असावे ते ठरवावे आणि जे उरलेले चौदा आणे देणार त्यांनी मुकाट्याने राहावे, ह्या व्यवहाराला दान म्हणता येईल काय?

आमच्या मते दान आणि खरेदी ह्यांत हाच भेद आहे. दिल्यावर हात सुटला की ते दान. दिल्यावरही मूठ आवळलेली राहिली की ती खरेदी. दात्याने हेतू सांगावा, हे योग्यच आहे: 'माझा पैसा वसतिगृहासाठी वापरा, ग्रंथालयासाठी वापरा.' त्याने नाव मागितले, तरी आम्ही त्याला दोष देणार नाही. पण ज्या घरात तो स्वतः एक रात्रही राहणार नाही, त्या घराची खिडकी काढून घेण्याचा अधिकार पैशाने मिळत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारात ह्याचे एक जुने उदाहरण उभे आहे. तेथील ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर ह्यांसाठी प्रेमचंद रायचंद ह्यांनी पैसा दिला. तेही मंगर ह्यांच्याप्रमाणेच समभागांच्या बाजारातले नाणावलेले गृहस्थ होते. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव लाभले. शेजारच्या पदवीदान सभागृहाला सर कावसजी जहांगीर ह्यांनी साहाय्य केले. आराखडे मात्र आखले ते त्या काळचे नामवंत इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्यांनी. १८६९ ते १८७८ ह्या काळात ग्रंथालय आणि मनोरा बांधून पूर्ण झाला. सभागृहाच्या भिंतीत बारा राशींची चित्रे असलेली रंगीत काचेची भव्य वर्तुळाकार खिडकी आहे. ग्रंथालयातही रंगीत काचांतून ऊन झिरपते. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील ज्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ह्या इमारतींचा समावेश आहे. आज मुंबईकर मनोऱ्याकडे बोट दाखवून दात्याच्या आईचे नाव घेतात. दात्याला ह्याहून अधिक काय मिळवावयाचे असते?

२०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात पर्यावरणाबरोबरच घरे, वस्त्या आणि शहरे ह्यांचाही विचार आहे. माणूस ज्या जागेत राहतो ती जागा त्याच्या विचारांना आणि भावनांना वळण लावते, म्हणून इमारतींच्या आराखड्यात नुसते सौंदर्य न पाहता राहणाऱ्यांच्या जीवनाचा दर्जा पाहावा आणि तेथील लोकांचे म्हणणे विचारात घ्यावे, असा त्याचा आशय आहे. सांता बार्बराचा वाद ह्या शिकवणुकीचे जणू प्रात्यक्षिकच ठरला.

शेवट आणि शिल्लक

पुढे काय झाले, ते सांगणे आवश्यक आहे. प्राध्यापकांच्या एका समितीने आराखड्याची छाननी केली आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या अहवालात मोठ्या बदलांवाचून हे काम पुढे नेऊ नये, असे सुचवले. मजले आणि विद्यार्थी कमी करण्याचा विचारही झाला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये विद्यापीठाने अन्य वास्तुविशारदांकडून नव्या वसतिगृहांसाठी प्रस्ताव मागवले आणि मंगर ह्यांचा आराखडा मागे पडल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, वयाची शंभरी पुरी होण्यास अवघे काही आठवडे उरले असताना, मंगर ह्यांचे निधन झाले. त्यानंतर विद्यापीठाने सुमारे ३५०० विद्यार्थ्यांसाठी नेहमीच्या पद्धतीची, खिडक्या असलेली वसतिगृहे बांधण्याची योजना हाती घेतली.

लोकमताचा विजय झाला, असे म्हणून हा लेख संपवता आला असता. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. देणगी जाहीर झाली २०१६ साली. आराखडा बारगळला २०२३ साली. ह्या सात वर्षांत ह्या योजनेतून एकाही विद्यार्थ्याला एक खाट मिळाली नाही. जे विद्यार्थी २०१६ साली प्रथम वर्षात आले, ते केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले. मोटारीत झोपलेल्या मुलांचे ते दिवस कोणी परत देऊ शकत नाही. आराखडा वाईट होता, म्हणून तो थांबला हे बरे झाले. पण तो इतका पुढे गेला, हे बरे झाले नाही.

हा दोष केवळ दात्याचा नाही. एवढी मोठी रक्कम समोर दिसताच ज्यांनी प्रश्न विचारणे थांबवले, त्या व्यवस्थापनाचाही तो दोष आहे. पहिल्याच वर्षी चार विद्यार्थ्यांना बोलावून 'तुम्हांला ह्या खोलीत राहावयास आवडेल काय?' असे विचारले असते, तर उत्तर मिळाले असते. ते उत्तर ऐकावयास खर्च काही नव्हता. जे आरंभी ऐकले नाही, ते शेवटी ऐकावेच लागले. फरक इतकाच की, तोपर्यंत सात वर्षे गेली होती.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही सभागृहे उभी राहतात, शाळांना मजले चढतात, वसतिगृहांची दुरुस्ती होते. उदार माणसे पुढे येतात आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु नकाशा पक्का करण्यापूर्वी जे तेथे बसणार, शिकणार, राहणार आहेत, त्यांना तो दाखवावा. शाळेच्या शिपायाला विचारावे, वर्गशिक्षिकेला विचारावे, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलालाही विचारावे. समितीवर असलेल्यांनी शंका मनात ठेवून सही करू नये. आणि देणाऱ्याने देताना एवढेच मनाशी म्हणावे की, ह्या खोलीत उद्या माझा नातू राहावयास आला, तर मी त्याला कोठे बसवीन?

आपण त्याला नक्कीच खिडकीजवळ बसवू.